अध्यक्षबाईंची सही

"हात वरच ठेवा हो, मोजू तर द्या!" घड्याळजी ओरडले आणि बोटानं हवेत टोचे मारत पुन्हा पहिल्या रांगेपासून सुरू झाले. ते गेली अकरा वर्षं आमच्या प्रार्थनागृहाचे अध्यक्ष होते आणि आयुष्यभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. मोजण्यात घाई त्यांना खपायची नाही.

अडतीस हात निघाले. विरोधात कुणी नाही. एकीनं मतच दिलं नाही. ती म्हणजे माझी आई, कारण स्वतःसाठी हात वर करणं तिला बरं दिसेना. बाबा चाकाच्या खुर्चीत होते, नाकाशी ऑक्सिजनची नळी. त्यांचा हात सगळ्यात शेवटी खाली आला.

"बोला आता दोन शब्द," घड्याळजी म्हणाले.

आई उठली. पदावर निवडून आलेल्या माणसानं काय बोलावं हे तिला खरंच माहीत नव्हतं. "आभारी आहे," ती म्हणाली. "जाताना खुर्च्यांच्या मागच्या दोन रांगा भिंतीला लावून जा. सकाळी मुलांचा वर्ग आहे."

सगळे हसले. बाबा हसता हसता खोकले. दादा तिथे नव्हता. तो येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी आईची नजर दोनदा दाराकडे गेलेली मी पाहिली.

आमच्या शहरात ज्यूंची दोन प्रार्थनागृहं आहेत. एक जुन्या वळणाचं, नियमाला पक्कं. दुसरं मोकळ्या मताचं. तिथे नवरा-बायको शेजारी बसतात, बायका उभ्या राहून तोरा हा धर्मग्रंथ वाचतात आणि आत येणाऱ्याची पाळंमुळं कुणी खणत बसत नाही. आमचं ते दुसरं. पूर्वी तिथे छापखाना होता. फरशीवरचे शाईचे डाग घासघासूनही गेले नाहीत. बाबा म्हणायचे, "देवाच्या घरात कशाला हव्यात लख्ख फरश्या, पाय घसरायचा."

पण आम्ही पहिल्यांदा गेलो ते त्या दुसऱ्या ठिकाणी नव्हे. या देशात येऊन आठच दिवस झाले होते. बाबांना लिफ्ट दुरुस्तीचं काम मिळालं होतं आणि दोन खोल्यांच्या घरात अजून पलंगही आला नव्हता. पण शनिवार उजाडला तसे आम्ही चौघं न्हाऊन-माखून, जपून आणलेले कपडे घालून जुन्या वळणाच्या प्रार्थनागृहाच्या दारात उभे राहिलो. आमच्या गावी आमची तीस-चाळीस घरं होती, आणि आम्ही ज्यू आहोत का असा प्रश्न तिथे कुणाला पडला नव्हता. पाणी ओलं आहे का, असं कोण विचारतं?

दारातल्या गृहस्थानं विचारलं. वाईट माणूस नव्हता तो. आमच्या रंगाकडे बघितलं, नाव विचारलं, लग्नाचा दाखला मागितला. बाबांनी आठ दिवसांत दहा ठिकाणी दाखवलेला तो कागद उलगडला. त्यावरचा शिक्का त्यानं कधी पाहिला नव्हता. आत जाऊन कुणाला तरी विचारून आला, मग आणखी एकाला घेऊन आला.

"आम्हाला खात्री करून घ्यावी लागते," तो म्हणाला. "हल्ली कुणीही येतं."

"पोराला विचारा ना," बाबा म्हणाले. "सगळं तोंडपाठ आहे त्याला."

दादा तेव्हा नऊ वर्षांचा. त्यानं छाती पुढे काढून सकाळची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली आणि एक अक्षर न चुकता संपवली. मी सहा वर्षांची होते. माझा दादा किती हुशार, म्हणून मी त्या माणसांकडे बघत होते. दुसरा गृहस्थ दादाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "छान. पण पाठ काय, कुणीही करतं."

आम्हाला मागच्या बाकावर बसू दिलं, नाही असं नाही. पण त्या सहा शब्दांनी दादाचं जे काय केलं ते पुरं दिसायला सतरा वर्षं लागली.

छापखान्यात आम्ही गेलो ते वर्षभरानं, तेही आईच्या हट्टापायी. दाराशी घड्याळजीच होते, केस तेव्हा काळे. बाबांनी खिशातून कागद काढायला हात घातला तर ते म्हणाले, "अहो, आधी आत या. दार उघडं राहिलं की सगळी ऊब बाहेर जाते."

आई त्या एका वाक्यावर तिथली झाली.

तिची नोकरी हॉस्पिटलच्या तळघरात होती. वर ऑपरेशनं व्हायची आणि वापरलेली हत्यारं लिफ्टनं खाली यायची. कात्र्या, चिमटे, पकडी, रक्तानं माखलेल्या. त्या धुवायच्या, बिजागऱ्या उघडून भिंगाखाली तपासायच्या, यादीबरहुकूम ट्रेमध्ये लावायच्या, दुहेरी कापडात बांधायच्या आणि वाफेच्या भट्टीत घालायच्या. वरच्या डॉक्टरांना आईचं तोंडही माहीत नव्हतं. ट्रेवर फक्त तिचा नंबर असायचा. सत्तावीस वर्षांत तिचा एकही ट्रे परत आला नाही. "एक कात्री कमी पडली तर वर माणूस उघडा पडलेला असतो गं," ती म्हणायची. "मग कुणाला सांगणार, विसरले म्हणून?"

तिच्या गावच्या प्रार्थनागृहात बायका माडीवर बसायच्या आणि जाळीतून खाली बघायच्या. इथे तिला कुणीतरी सहज म्हणालं, तुम्हीही वाचा ना. तिनं मनावर घेतलं. वाचण्याच्या चाली कॅसेटवर उतरवून घेतल्या आणि धुण्याच्या यंत्रांच्या घरघरीत, कुणाला ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी, दोन वर्षं घोकल्या. मग एका शनिवारी ती पहिल्यांदा वाचायला उभी राहिली. वाचन संपल्यावर पियानो शिकवणाऱ्या बाई तिच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "उच्चार जरा वेगळे आहेत नाही तुमचे? आपल्याकडे असं नाही म्हणत."

आई म्हणाली, "मग तुम्ही शिकवा." आणि दर बुधवारी त्यांच्या दारात हजर. तीन महिन्यांत बाईंनी हात टेकले. पुढे त्याच तिची बाजू घेऊन भांडायला पहिल्या असायच्या.

आमच्या धर्मगुरू, म्हणजे रब्बी, आमच्याकडे पंधरा दिवसांतून एकदाच यायच्या. आजारपण, मरण काही त्यांचं वेळापत्रक बघून येत नाही. पहिल्यांदा एका म्हाताऱ्या शिंपीणबाई गेल्या तेव्हा त्यांना शेवटची आंघोळ घालायला कुणी पुढे होईना. आई कामावरून आली होती तशीच गेली. बाह्या वर केल्या. "मेलेलं माणूस काय, जिवंत माणसाइतकं लाजाळू नसतं," ती घाबरलेल्या दोघींना म्हणाली, "पण आपण समजायचं की असतं." त्यानंतर कुणाकडे वाईट झालं की पहिला फोन आमच्याकडे. कफन शिवणं, अंघोळ, कबरीपाशी कद्दिश म्हणणं. कद्दिश म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, जिच्यात मरणाचं नावही नाही. वीस वर्षांत किती जणांसाठी तिनं ती म्हटली असेल, याचा हिशेब तिनं ठेवला नाही. घड्याळजींनी ठेवला असेल.

दादा तोवर छापखान्यात यायचा बंद झाला होता. बाविसाव्या वर्षी तो जुन्या वळणाच्या प्रार्थनागृहात जाऊ लागला. सुरुवातीला शनिवारी, मग रोज. लोक सांगत, मुलगा फार व्यासंगी आहे. मग तिथल्याच एका मुलीशी लग्न ठरलं आणि तिच्या वडीलधाऱ्यांनी त्याला सांगितलं, तुमच्याबद्दल आम्हाला वैयक्तिक शंका नाही, पण ज्यूपण आईकडून येतं, आणि आईच्या घराण्याचे कागद नाहीत. तेव्हा पुन्हा एकदा, सावधगिरी म्हणून, रीतसर धर्मात या.

ते सांगायला तो रविवारी दुपारी आला. आई कांदा चिरत होती.

"फक्त औपचारिकता आहे, आई. पाण्यात तीन बुड्या मारायच्या, तीन माणसं बघतात. संपलं."

"कधी आहे?"

"झालं. मंगळवारी झालं."

आईनं सुरी खाली ठेवली. "म्हणजे तू मंगळवारी ज्यू झालास."

"असं नसतं गं ते..."

"मग कसं असतं? तू मंगळवारी झालास, तर आधी सव्वीस वर्षं माझ्या ताटात कोण जेवत होतं? कुणाचं पोर होतं ते?"

"तुला कळत नाही. माझ्या मुलांना कुणी विचारू नये म्हणून केलं मी. माझ्यासारखं दारात उभं राहून त्यांना पाठ म्हणून दाखवायला लागू नये."

तो गेल्यावर तिनं उरलेला कांदा चिरला, फोडणी दिली, आणि आम्ही जेवलो.

त्याला दोन मुली झाल्या. त्या आमच्याकडे यायच्या, पण आईची भांडी त्यांच्या नियमात बसत नाहीत म्हणून त्यातलं खायच्या नाहीत. डबा बरोबर असायचा. बाबांना नातींचं वेड. त्यांच्यासाठी खाली बागेत जाऊन बसायचे, घोडा व्हायचे. पुढे फुप्फुसं गेली तसं घोडा होणं संपलं.

आई अध्यक्ष झाली त्यानंतर तीन आठवड्यांनी बाबांना हॉस्पिटलात हलवलं. तिच्याच हॉस्पिटलात, सहाव्या मजल्यावर. ती सुट्टी झाली की तळघरातून वर यायची. त्या दिवशी दुपारी मी तिथेच होते. ती बाबांची नखं कापत होती.

बाबांनी उशीखालून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. "हे बघ. पोरानं आणलंय."

दादा मागच्या वर्षी आमच्या जुन्या गावी जाऊन आला होता, हे आम्हाला माहीत होतं. कशाला, ते माहीत नव्हतं. त्यानं बाबांच्या आईची कबर शोधली होती, तिच्या लग्नाची नोंद शोधली होती. आईच्या गावची वही पुरात वाहून गेलेली, तिथे काहीच मिळालं नाही. बाबांचे कागद जुन्या प्रार्थनागृहाच्या मंडळानं मान्य केले होते. पाकिटात तो दाखला होता. त्याच्यामागे दुसरा कागद, त्यांच्या दफनभूमीत जागा मिळावी म्हणून केलेला अर्ज. खाली बाबांची सही, लिफ्टच्या वहीत करायचे तशी, वळणदार.

आईनं दोन्ही वाचले. "कधी केलीत सही?"

"झाले चार महिने."

म्हणजे चाकाच्या खुर्चीतून हात वर केला तेव्हा ती होऊन गेली होती.

"पोरी येतील गं तिथे," बाबा म्हणाले. दोन शब्दांत त्यांना दम लागायचा. "आपल्या इथल्या जागेत त्यांना पाठवणार नाहीत. तिथे वर्षातून एकदा तरी येतील. दगडावर हात ठेवतील."

"आणि मी?"

त्या दफनभूमीत तिला जागा मिळणार नव्हती. तिचे कागद नव्हते.

"तुला काय कमी," बाबा म्हणाले. "अध्यक्ष तू. अख्खं गणगोत आहे तुझ्यामागे."

आईनं त्यांचा दुसरा हात घेतला आणि राहिलेली नखं कापायला लागली. बाबा आपल्याशीच बोलल्यासारखे बोलले, "खरं सांगू? बरं वाटलं गं. इतक्या वर्षांनी कुणीतरी लिहून दिलं."

आईचा हात थांबला नाही. पण घरी जाताना बसमध्ये ती मला म्हणाली, "तीस वर्षं मी त्यांना सांगत आले, कागद लागत नाही म्हणून. ते हो म्हणायचे. मला वाटायचं पटलंय."

बाबा गुरुवारी सकाळी गेले. देह ताब्यात द्यायला बायकोची सही लागत होती. ती केल्याशिवाय जुन्या प्रार्थनागृहाची माणसं त्यांना नेऊ शकत नव्हती. ही बातमी कशी फुटली कोण जाणे, पण तासाभरात घड्याळजी आणि पियानोच्या बाई हॉस्पिटलच्या त्या कॉरिडॉरमध्ये आले.

"सही करू नका," घड्याळजी म्हणाले. "तुमचं दुःख मोठं आहे, मी समजतो. पण तुम्ही आता नुसत्या त्यांच्या बायको नाही. आमच्या अध्यक्ष आहात. अध्यक्षबाईच आपल्या नवऱ्याला त्यांच्याकडे देतात म्हटल्यावर आपल्या जागेत झोपलेली माणसं काय, कच्ची? माझी बायको तिथे आहे. तुम्हीच न्हाऊ घातलीत तिला."

"आठवतंय मला," आई म्हणाली.

"मग?"

दादा भिंतीला टेकून उभा होता. दाढीत पांढरे केस आलेले मला तेव्हा पहिल्यांदा दिसले. त्याच्या हातात तो फॉर्म होता आणि त्याला तो पुढे करवत नव्हता. रडून रडून डोळे सुजले होते त्याचे.

"आई," तो म्हणाला, "तू नाही म्हणालीस तर मी भांडणार नाही."

मला वाटतं, तो भांडला असता तर तिनं नकार दिला असता.

"त्यांनी सही केलीय," आई घड्याळजींना म्हणाली. "मढ्यावर भांडण लावू का मी? सांगा, लावू?"

पियानोच्या बाईंनी तोंड फिरवलं. आईनं फॉर्म घेतला, भिंतीवर धरला आणि नाव लिहिलं. मृताशी नातं या रकान्यात 'पत्नी' लिहिलं. खाली धर्म असा रकाना होता. तिथे पेन थोडं थांबलं. मग तिनं तेही लिहिलं आणि फॉर्म दादाकडे दिला.

दफन त्याच दुपारी झालं. बायका मागे, रस्त्याच्या कडेला. आमच्यापुढे काळ्या कोटांची भिंत. कबर दिसत नव्हती, फावड्यांचा आवाज तेवढा येत होता. दादानं कद्दिश म्हटली. सुरेख म्हटली. शब्द स्वच्छ, एकही अडखळला नाही. मी आईकडे बघत होते. वाटलं, निदान ओठ तरी हलतील. इतक्या परक्यांसाठी म्हटली हिनं, आपल्या माणसासाठी मनातल्या मनात म्हणेल. तिनं ओठ घट्ट मिटले होते. शेजारच्या एका बाईंनी हळूच विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"घरच्या," आई म्हणाली.

दुखवट्याचे सात दिवस दादाच्या घरी माणसं येत होती. आमच्या घरी चारजण आले. घड्याळजी आले नाहीत. त्यांनी चिठ्ठी पाठवली, तब्येत बरी नाही म्हणून.

नंतरच्या शनिवारी आई छापखान्यात गेली. खुर्च्या तिनंच लावल्या. प्रार्थना संपता संपता त्या महिन्यात गेलेल्यांची नावं वाचायची असतात, ते अध्यक्षाचं काम. पियानोच्या बाईंनी यादी तिच्या हातात देताना विचारलं, "त्यांचं नाव घालू का वर?" अगदी मायेनं विचारलं.

"नको," आई म्हणाली. "ही आपल्या माणसांची यादी आहे. त्यांचं तिथे झालं."

तिनं तीन नावं वाचली. मग ज्यांच्या घरी वाईट झालं होतं ते कद्दिशसाठी उभे राहिले. आई आधीच उभी होती, सगळ्यांच्या पुढे. तिनं म्हणायला सुरुवात केली आणि लोक मागून म्हणू लागले. ती अध्यक्ष म्हणून म्हणतेय की स्वतःसाठी म्हणतेय, हे कुणाला कळायला मार्ग नव्हता. मला तरी कळलं नाही.

राजीनामा तिनं लिहून दिला होता. मंडळानं तो घेतला नाही. तिचं मोठेपण म्हणून नव्हे. तिची जागा घ्यायला कुणी तयार नव्हतं. अडतीसचे एकतीस झाले. त्यातले काही म्हातारपणानं गेले, काही त्या सहीवरून.

महिन्याभरानं आमच्या दफनभूमीत एका एकट्या शिक्षकाचं दफन होतं. आम्ही पाचजण होतो, त्यातला एक कबर खणणारा. आईनं सगळं नीट पार पाडलं. माणसं पांगल्यावर ती मला घेऊन राखणदाराच्या खोलीशी गेली. मला वाटलं, काही पावती राहिली असेल.

"मला माझ्यासाठी जागा लिहायचीय," ती म्हणाली.

राखणदारानं जाड वही काढली. नकाशावर बोट ठेवत तो आम्हाला कुंपणाजवळच्या रांगेत घेऊन गेला. गवत नुकतंच कापलेलं होतं.

"ही घ्या. कोरडी आहे, पाणी साचत नाही. शेजारची पण मोकळी आहे." तो आईला वर्षानुवर्षं ओळखत होता, पण घरचं काही त्याच्या कानावर नव्हतं. "साहेबांसाठी राखून ठेवू का? नंतर जोडून मिळत नाही."

मी काहीतरी बोलायला गेले. आईनं माझा दंड धरला.

"नको. एकच," ती म्हणाली. "शेजारची कुणाला हवी असेल तर देऊन टाका."

त्यानं वहीत लिहिलं, पिशवीतून नंबराची खुंटी काढली आणि दगडानं ठोकून जमिनीत बसवली. तो गेला तरी आई तिथेच उभी. मग ती वाकली, खुंटी दोन बोटांत धरून हलवून पाहिली, आणि जरा तिरकी वाटली म्हणून हातानं सरळ केली.